भाऊबिजेचं हवामान

दिवाळीत माथेरानला जायचं, एवढाच माझा बेत होता. कुणाचं काही वाकडं करायचा हेतू नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पाडव्याला निघायचं आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी परतायचं. मी रूम बुक केली आणि मग किशोरीला सांगितलं. (क्रम चुकला, हे आता कळतंय.)

"आणि भाऊबिजेला माझे भाऊ आले तर?" तिने विचारलं.

माझ्या बायकोचं माहेर उरणजवळच्या करंजाचं. परेश आणि कुंदन या माझ्या मेव्हण्यांची मासेमारीची बोट आहे. त्यांच्याकडे भाऊबीज पंचांगावर ठरत नाही, समुद्रावर ठरते. बोट बाहेर असली तर बहिणीचं ओवाळणीचं ताट भाऊ परत येईपर्यंत थांबतं, मग तुळशीचं लग्न आलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. पण बोट बंदरात असली, तर दोघे भाऊ, त्यांच्या बायका (कुंदनची यंदाच आलेली), परेशची पोरं आणि सासूबाई ठमाबाई असे सगळे नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत येतात आणि चांगले चार दिवस राहतात. गेल्या वर्षी मी गॅसच्या सिलिंडरला पाठ लावून झोपलो होतो. माणसं फार प्रेमळ आहेत, पण माझी पाठ अजून तक्रार करते.

शेवटी आमचा करार झाला. बोट समुद्रात गेली तर माथेरान, बंदरात राहिली तर भाऊबीज.

तेव्हापासून घरात हवामानाचं राजकारण सुरू झालं. मी उन्हाच्या पक्षात आणि बायको अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राच्या पक्षात. टीव्हीवर 'कोकण किनारपट्टीवर दिवाळीच्या आठवड्यात मेघगर्जनेसह पाऊस' असं म्हटलं की ही लगेच चकलीचं पीठ वाढवायची.

"एवढ्या चकल्या दोघांना?" मी विचारलं.

"चकली टिकते."

"आणि इतक्या चादरी का धुवायला काढल्यास?"

"चादरीसुद्धा टिकतात."

माझा संशय बळावला. हिला आतून काहीतरी कळतंय. तो कमी दाबाचा पट्टा हिच्या माहेरचा असल्यासारखी ती त्याची चौकशी करायची. "सरकला का हो तो किनाऱ्याकडे?" हे इतक्या मायेने विचारायची, की मला त्या पट्ट्याचा हेवा वाटायला लागला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिचे हात बेसनात होते. "बघा हो, आज काय अंदाज आहे?"

मी मोबाईल उघडला. काल पिवळा असलेला इशारा आज नारिंगी झाला होता. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर गॅसचा सिलिंडर आला.

"समुद्र शांत," मी म्हणालो. "आकाश निरभ्र."

(माझं नाव धर्मराज. आईवडिलांनी ते मी बोलायला लागायच्या आधी ठेवलं.)

किशोरीने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून प्रबळगडाच्या दिशेला पाहिलं. तिथे ढगांमुळे गडच दिसत नव्हता.

"बरं," ती म्हणाली.

हे 'बरं' मला आवडलं नाही. लग्न झाल्यापासून माझं कुठलंच म्हणणं तिने एका शब्दात मान्य केलेलं नाही.

पाडव्याला सकाळी मी बॅग भरत होतो. स्वयंपाकघरात ती आईशी फोनवर बोलत होती. "अगं आये, हे सांगतात समुद्र शांत हाय. व्हय, मोबाईलवर बगूनच सांगितलं..." पुढे कुकरची शिट्टी झाली आणि काही ऐकू आलं नाही.

माझ्या हातातले मोजे गळून पडले. माझी थाप करंजाला पोचली होती! आता परेश बोटीत बर्फ भरणार, कुंदन दोर सोडणार, आणि तेही जावयाच्या शब्दावर. मला भाऊबीज पुढे ढकलायची होती, भाऊ बुडवायचे नव्हते हो! मी परेशला फोन लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.' म्हणजे निघाले!

"मी जरा दूध घेऊन येतो," मी स्कूटरची किल्ली उचलत म्हणालो.

"रेनकोट न्या."

"कशाला?" मी कसंबसं हसलो. "निरभ्र आहे ना आकाश."

गव्हाण फाट्यापर्यंत खरंच निरभ्र असल्यासारखं वागून बघितलं. जासईला पाऊस आडवा यायला लागला. प्रत्येक कंटेनर ट्रेलर माझ्यावर एकेक डबकं रिकामं करून पुढे जात होता. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगत होतो, सिलिंडरला पाठ लावून जन्मभर झोपेन, पण ते दोघे किनाऱ्यावर असू देत.

करंजा बंदरात मी धक्क्यावर ओरडत पळालो, "परेश! कुंदन! जाऊ नका रे!"

सगळ्या बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या होत्या. एका ताडपत्रीखाली परेश आणि कुंदन करंज्या खात बसले होते.

"भावोजी? तुमी? या पावसात?" कुंदन उठलाच.

"समुद्रात जाऊ नका!"

"कोन जातंय? बावटा लागलाय धोक्याचा. एक पन बोट बाहेर नाय."

"मग तुझा फोन, परेश?"

"चार्जिंग नाय, भावोजी."

मला रडू आलं. पावसामुळे कुणाला कळलं नाही. तेवढ्यात सासूबाई छत्री घेऊन आल्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि त्यांचेही डोळे भरून आले.

"बगितलं काय रं परेश? आमी निगतच होतो, तर जावय सोता न्यायला आलं! असल्या पावसात! माज्या पोरीनं नशीब काढलं."

(खरं सांगायची हीच वेळ होती. मी शिंकलो.)

सगळे टेम्पोत बसले. माझी स्कूटरही टेम्पोत चढवली आणि मला मानाने सुकटीच्या टोपल्यांमध्ये बसवलं. घराच्या दारात किशोरी टॉवेल घेऊन उभी होती. आत सगळ्यांचा चहा तयार होता.

"दूध आणलंत?" तिने विचारलं.

मी टॉवेलसाठी डोकं पुढे केलं.

"तुम्ही अंदाज एका दमात सांगितलात ना, तेव्हाच मला संशय आला," माझं डोकं पुसत ती हळूच म्हणाली. "म्हणून आईला सांगितलं, हे समुद्र शांत म्हणतात, म्हणजे वादळ नक्की. बोट बांधा आणि आजच या."

भाऊबिजेला सकाळी लख्ख ऊन पडलं. तो कमी दाबाचा पट्टा आपलं काम उरकून निघून गेला होता. मी शाल गुंडाळून वाफ घेत बसलो होतो. ओवाळणं झाल्यावर किशोरी म्हणाली, "ती माथेरानची रूम रिकामी कशाला ठेवायची? कुंदन आणि मनस्वीचं नवीन लग्न आहे. एक रात्र जाऊन येतील."

सगळ्यांना ते फार पटलं. दोघं लगेच तयार झाली.

"भावोजी," चपला घालताना कुंदनने विचारलं, "तिकडं हवा कशी हाय?"

मी मोबाईल उघडला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच मनापासून अंदाज वाचला. "आकाश निरभ्र," मी म्हणालो. "पावसाचा थेंबही नाही."

किशोरी उठली, दारामागून दोन छत्र्या काढल्या आणि मनस्वीच्या हातात दिल्या.