गार्डआप्पांचा मुका टीव्ही

दिवाळीआधीचा सोमवार, सन १९९६. रक्कम तीन हजार चारशे रुपये, रोख. हजर: शिरूरचा टीव्हीचा दुकानदार, गार्डआप्पा आणि मी. पुढे पाच वर्षं साक्षीदार म्हणून मी हेच सांगत आलो, त्यामुळे पाठ झालं आहे.

गार्डआप्पा दौंडात माझे शेजारी. मधे एकच भिंत. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळचे शिरूरजवळच्या न्हावऱ्याचे, आणि आवाज असा की शिट्टी न फुंकता इंजिनापर्यंत पोचावा. पावतीशिवाय ते कोथिंबीरही घेत नसत. भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की ओरडायची, "आप्पा, कागुद न्हाई आज, म्होरं जावा."

टीव्ही घ्यायचा होता आक्कांसाठी, म्हणजे आप्पांच्या पत्नीसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. "माणसाचा आवाज तरी कानावर पडंल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दुकानदार गावाकडच्या ओळखीचा, म्हणून शिरूर गाठलं आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. येताना एसटीत आप्पांनी खोकं मांडीवर धरलं. कंडक्टर म्हणाला, "मांडीवर हाय, जाऊ द्या आप्पा." आप्पांनी भांडून खोक्याचं लगेजचं तिकीट काढलं.

घरी टीव्ही लावला. चित्र स्वच्छ. आवाज नाही.

समोरचा रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, "आतली वायर सुटली आसंल. वीस रुपयांचं काम." त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि आप्पा टीव्हीपुढे आडवे उभे राहिले. "हात लावायचा न्हाई! गाडीचा डबा रुळावरनं घसरला की साहेब यिऊन बघीस्तोवर काय हलवायचं नसतंय. ह्यो पुरावा हाय." त्यांनी खडू आणून टेबलाभोवती रेघ मारली. त्या रेघेच्या आत पुढे केरसुणीसुद्धा गेली नाही.

दुकानदार म्हणाला, "माझ्याकडनं चांगला गेला. एसटीत आदळला आसंल." आप्पांनी लगेजचं तिकीट दाखवलं. त्याने काय सिद्ध होतं हे दुकानदाराला कळलं नाही, मलाही नाही. मग आप्पांनी पुण्याला, ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार लावली. तीन प्रती नेल्या, तर चार लागत होत्या. चार नेल्या, तर दुकानदाराच्या पत्त्यात पिनकोड नव्हता. मग तारखा सुरू झाल्या. कधी दुकानदार गैरहजर, कधी त्याचा वकील, कधी साहेब मीटिंगला. आप्पांना रेल्वेचा पास होता. मी तिकीट काढून जायचो. एका तारखेला जेवण धरून माझे पंचेचाळीस रुपये जायचे, तेही वीस रुपयांच्या वायरीसाठी. हे एकदा मी बोलून दाखवलं.

"तिकीट जपून ठिवा," आप्पा म्हणाले. "खर्च मागू."

"अहो, वायर लावून घ्या की. आवाज तरी यिऊ द्या," आक्का म्हणायच्या.

"येईल. कायद्यानं येईल."

तोवर आवाज आप्पांनीच द्यायला घेतला. रोज संध्याकाळी मालिका लागली की भिंतीपलीकडून सासू, सून, नणंद, खलनायक, सगळे मालगाडीच्या गार्डच्या आवाजात बोलायचे. गोष्ट आप्पांना ठाऊक नव्हती आणि नोकरीबाहेरचं जग फारसं माहीत नव्हतं. त्यामुळे सासू सुनेला चार्जशीट द्यायची. सून रडत म्हणायची, "सासूबाई, माझी चूक न्हाई, रिपोर्ट बघा!" आमच्या टीव्हीवर नवरा दुसरीच्या नादी लागून घर सोडून गेला, त्या दिवशी भिंतीपलीकडे त्याची मनमाडला बदली झाली. आक्कांना हसता हसता ठसका लागला.

"आन् कवा येणार वो त्यो परत?"

"अर्ज केलाय म्हणतोय."

एकदा मला दया आली. आमच्या टीव्हीचा आवाज भिंतीपार जाईल इतका वाढवला. पाच मिनिटांत त्यांच्याकडे कामाला येणारी बाई दारात. "आक्का म्हणत्यात, जरा बारीक करा. आप्पांचं ऐकू यीना."

चौथ्या वर्षी, होळी झाल्यावर, आक्का गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख होती. मी म्हटलं, "आप्पा, राहू द्या आता. कुणासाठी?" त्यांनी फाइल काखेत घेतली. "तारीख हाय." पुण्यापर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर भिंतीपलीकडूनही शब्द आला नाही. टीव्ही मात्र लागायचा. खिडकीत त्याचा उजेड हलताना दिसायचा. त्या वेळेला मी आमचा आवाज आपसूक बारीक करायला लागलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

पाचव्या वर्षी निकाल लागला. आप्पा जिंकले. दुकानदाराने तीन हजार चारशे आणि खर्चाचे पाचशे द्यावेत, तक्रारदाराने टीव्ही परत करावा. शेवटची ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

"परत?"

"परत, आप्पा."

हुकूम म्हणजे हुकूम. खडूची रेघ ओलांडून आम्ही टीव्ही उचलला आणि शिरूरला नेला. हजर तेच तिघं. दुकानदाराने निमूटपणे पैसे मोजून दिले. मग सवयीने टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, वायर डागली, बटण दाबलं. दुकानभर एक बाई बोलायला लागली.

आप्पा दचकले. "बंद करा."

दुकानदाराने बटण बंद केलं, तसे म्हणाले, "आता ह्यो टीव्ही तुमचा?"

"माझाच की."

"केवढ्याला द्यायचा?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "न्या तसाच आप्पा. लई पळवलं मी तुमाला."

"फुकाट नगं. पावती करा."

"बरं. द्या दोनशे," तो अवघडून म्हणाला.

आप्पांनी दोनशे दिले, पावती घेतली. तरी जागचे हलेनात.

"ती वायर काढा."

"अहो, आत्ता कुठं आवाज आलाय!"

"व्हती तशी करा. आमच्याकडं ही बाई अशी बोलत न्हाई."

दुकानदाराने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने वायर काढली.

तेव्हा हिशेब असा. दुकानदाराने आप्पांना दिले तीन हजार नऊशे. आप्पांनी दुकानदाराला दोनशे. येताना कंडक्टरला लगेजचे पैसे मी दिले आणि तिकीट आप्पांपुढे धरलं. खोकं मांडीवर होतं. दोन्ही हात त्याच्याभोवती होते. त्यांनी तिकीट घेतलं नाही.