मागचा एक्सल ह्यांचा, पुढचा भाऊजींचा

घरातली भांडणं कशी मिटवावीत हे विचारायला माझ्याकडे कुणी येत नाही. पण आलं, तर बसवून घेऊन सांगेन इतका अनुभव गाठीशी आहे. दोन भाऊ, एक रोपवाटिका, एक जुनी पिकअप आणि मध्ये मी. लग्न होऊन आले तेव्हापासून एकही भांडण जेवणाच्या ताटापर्यंत पोचू दिलेलं नाही. श्रेय देवाचं. पण भांडी घासता घासता कधी मनात येतं, थोडं माझंही असेल.

सकाळची पूजा झाली की मी दिवसापुरतं एक व्रत घेते. मोठं काही नाही. आज चिडायचं नाही, आज कुणाची उणीदुणी काढायची नाही, असलं. त्या दिवसांत मात्र रोज एकच व्रत नव्यानं घेत होते: एकाचा कठोर शब्द दुसऱ्यापर्यंत कठोर पोचवायचा नाही, वाटेत मऊ करून द्यायचा. त्याला कारण होतं. आमचे हे आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. दिवसभर इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे करता करता माझा पार दोर झाला होता, विहिरीवरच्या रहाटाचा.

भांडण गाडीवरून होतं. आमची पिकअप जुनी, पण स्वभावानं गरीब. भाऊजींनी हौसेनं तिला मोठे टायर बसवले आणि तेव्हापासून ती दिसायला पैलवान आणि चढाला आजारी. दोघांचं एवढं एकमत होतं की आता एक्सलमधले गिअर बदलायला हवेत. कोणते, इथं घोडं अडलं.

हे गिअर आकड्यांनी ओळखतात. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला किती वेळा फिरावं लागतं, तो आकडा. मला हे ह्यांनी कागदावर चक्रं काढून समजावलं, तेव्हा समजलं नाही. मग आपोआप समजलं. ह्यांनी सकाळी एकदा कूस बदलायला मला किती हाका माराव्या लागतात, तो आमच्या घरचा आकडा. चारच्या वर.

"चारच्या वरचाच घ्यायचा," हे म्हणाले. "इंजिन जास्त फिरेल, पण भरलेली गाडी चढ चढेल. सांग त्याला."

"साडेतीन," भाऊजी म्हणाले. "आपली सगळी गिऱ्हाइकं हायवेच्या पलीकडे. दादाच्या आकड्यानं गाडी नुसती बोंबलत जाईल आणि मागून सायकलवाले हॉर्न देतील. वहिनी, सांगा दादाला."

हे सगळं एकाच खोलीत, एकाच चटईवर बसून.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण भाऊजींना दूरच्या गावाहून एका वाहतूक कंपनीचं नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. "माझ्या शब्दाला इथं किंमत नसेल तर मी तिकडे चाललो," म्हणाले.

"सांग त्याला, दार उघडं आहे," हे म्हणाले.

मी भाऊजींना म्हटलं, "हे म्हणतात, तुमच्यासाठी दार कायम उघडं आहे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, दूध नासलंय की काय हे माणूस वास घेऊन बघतो तसं. रोपं ह्यांच्या हातची जगतात, पण विकली जातात भाऊजींच्या तोंडानं. एक गेला की दुसऱ्याचं दुकान बसलं. आणि सासूबाईंचं काय झालं असतं ते मला देवापुढे बसूनही आठवायचं नव्हतं.

सासूबाईंचा एक नियम आहे. घरात जे येईल ते दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. लहानपणी छत्री एकच होती, तर शाळेत जाताना थोरल्यानं धरायची, येताना धाकट्यानं. पाऊस नेमका येताना पडायचा, हे ह्यांच्या मनात अजून आहे. तर त्या दिवशी मी पालेभाजी निवडत होते आणि मला एकदम सुचलं. एक्सल दोन आहेत की. आमच्या गाडीला पुढची चाकंही ओढतात. एक दांडा ओढला की चारही चाकांना जोर मिळतो. त्याला हे लोक फोर व्हील म्हणतात.

"मागचा एक्सल ह्यांच्या आकड्याचा, पुढचा भाऊजींच्या," मी म्हटलं. "चढाला मागची चाकं बघतील, हायवेला पुढची."

सासूबाईंनी मान डोलावली. "बघा, इतकी वर्षं मी सांगतेय ते हिला कळलं."

दोघे भाऊ गप्प. आता वाटतं, दोघांनाही काहीतरी खटकलं असणार; पण बोललं की समेट झाला असता, म्हणून कुणी बोललं नाही.

ह्यांनी मागचा एक्सल आमच्या मिस्त्रीकडे टाकला. भाऊजी आपला पुढचा घेऊन दुसऱ्याच गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री कामाला चांगले, तोंडाला फटकळ. काम झाल्यावर त्यांचा फोन आला तो मीच घेतला.

"मागचं झालं," मिस्त्री म्हणाले. "पुढचं कोण करतंय?"

"भाऊजी."

"त्यांना सांगा, पुढं-मागं एकच आकडा लागतो. दोन आकडे घालून फोर व्हील टाकलंत तर गाडी जागच्या जागी मरेल. मग रडत माझ्या दारात यायचं नाही. हे शब्दाला शब्द तसंच सांगा."

मरणाची भाषा, आणि तीही पूजेच्या खोलीत उभं राहून ऐकलेली. मिस्त्री सकाळपासून उपाशी असतील, असं मी मनात म्हटलं. आणि भाऊजी जेवायला बसले तेव्हा सांगितलं, "मिस्त्रींनी निरोप दिलाय. पुढचं जरा काळजीनं बसवून घ्या म्हणाले. आणि काही लागलं तर कधीही या."

"मिस्त्री बरा दिसतोय आज," भाऊजी म्हणाले.

टेकडीवरच्या दवाखान्याला आवारात लावायला मोठी झाडं हवी होती, कुंड्यांसकट. तीच पहिली खेप ठरली. भाऊजी चालवायला, हे वाट दाखवायला, आणि दोघांच्या मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघा लावून मी, निरोप द्यायला. हायवेवर गाडी मागच्या चाकांवर धावली आणि इंजिन खरंच बोंबललं.

"वहिनी, दादाला विचारा, ऐकू येतंय का," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी विचारतायत, तुम्हाला त्रास नाही ना होत आवाजाचा?"

"सांग त्याला, चढ येऊ दे, मग बोल."

"हे म्हणतात, पुढे छान चढ आहे."

चढ आला. आणि काय सांगू, गाडी भरल्या पोटानं तो चढली. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी जपाची माळ पिशवीतून काढली आणि दोन मणी आभाराचे ओढले. दवाखान्याच्या फाटकापाशी खडी पसरलेली होती. तिथं मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"सांग त्या गाढवाला, फोर व्हील टाक म्हणावं."

"भाऊजी, हे म्हणतात, तुम्हाला योग्य वाटत असेल तर फोर व्हील टाकून बघाल का?"

भाऊजींनी दांडा ओढला. खडीवरून गाडी हलली, जराशी कुरकुरत. मग पुढे दवाखान्याचा सिमेंटचा रस्ता लागला, आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला, जसं कुणी ओल्या चादरीला दोन्ही टोकांनी पीळ देतंय. मागची चाकं एका हिशेबानं फिरणार, पुढची दुसऱ्या. खडीवर घसरून घसरून त्यांचं जमलं होतं. सिमेंटवर घसरायला जागा नाही.

"बंद कर. दांडा काढ. काढ म्हणतोय, सांग त्याला, सगळं तोडशील गाढवा," हे ओरडले.

आता एवढं लांबलचक वाक्य मऊ करायला वेळ लागतो. मी सुरुवात केली, "भाऊजी, ह्यांना असं वाटतंय की, तुमची हरकत नसेल तर..."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. नुसती थांबली नाही, रुतून बसली, कोरड्या सिमेंटवर. दांडा पुढे जाईना, मागे येईना. मागच्या कुंड्या एकमेकींना टेकल्या आणि एका झाडानं काचेतून आत डोकावून बघितलं.

दवाखान्याचा रस्ता तेवढाच. बघता बघता पेशंट जमले. हाताला प्लॅस्टर घातलेले एक आजोबा गाडीला वळसा घालून जाताना म्हणाले, "लोटायला मदत केली असती, पण बघताय ना." डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाडी इथंच ठेवायची आहे का?"

"झाडं तुम्ही सांगाल तिथं ठेवतो," हे म्हणाले. "गाडीचं ती सांगेल तसं."

मिस्त्रींना बोलावलं. ते आले, गाडीखाली वाकले, मग उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवले. "पुढं किती घातलंय?"

"साडेतीन," भाऊजी म्हणाले.

"आणि मी मागं चारच्या वर घातलंय. मी काय सांगितलं होतं?"

"काय सांगितलं होतं?" हे म्हणाले.

"मला तर म्हणालात, कधीही या," भाऊजी म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे वळले. मग हे वळले. मग भाऊजी. प्लॅस्टरवाले आजोबा आत जायचे थांबले. मी माळ हातात घेतली, पण एकही मणी पुढे सरकेना, गाडीसारखाच.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "मिस्त्री नेमकं काय म्हणाले होते?"

खोटं न बोलण्याचं व्रत तर रोजचंच असतं. मी सांगितलं. गाडी मरेल हेही सांगितलं, रडत येऊ नका हेही. जमेल तेवढ्या हळू आवाजात.

मग हे भाऊजींना म्हणाले, थेट, मला वगळून, "म्हणजे मी दार उघडं आहे म्हणालो, ते हिनं तुला कसं सांगितलं?"

"कायम उघडं आहे."

"आणि तू मला गाडीचा आवाज ऐकू येतोय का विचारलंस ते?"

"तेही बदललं की. तुम्हाला त्रास होतोय का, असं विचारलं त्यांनी."

"आणि मघाशी गाढव म्हणालो ते?"

"ते मीच ऐकलं, दादा. मध्ये फक्त वहिनी बसल्यात, भिंत नाही."

आणि दोघे हसले. एकत्र. मिस्त्रींनी एका चाकाखाली जॅक लावला, चाक वर उचललं, तसं ते गर्रकन उलटं फिरून मोकळं झालं आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. दोघा भावांनी झाडं उतरवली, मिळून. पुढचा एक्सलही ह्यांच्याच आकड्याचा करायचा हे कुंड्या उचलता उचलताच ठरलं. भाऊजी एका शब्दानं अडले नाहीत.

घरी आल्यावर भाऊजींनी त्या कंपनीला फोन करून नाही म्हणून कळवलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावासाठी थांबलास ना रे?"

"छे गं," भाऊजी म्हणाले. "मी गेलो तर दादा एकटा पडेल वहिनींसमोर."

"खरंय," हे म्हणाले. "आणि आजपासून गाडीतलं काही हिला विचारायचं नाही."

"निरोप तर नाहीच नाही."

इतकं एकमत मी या दोघांत कधी बघितलं नव्हतं. देवाकडे मी दोघांची एकी मागितली होती, आणि त्यानं ती हातचं न राखता दिली. मागताना अटी नीट घालायच्या राहिल्या, एवढंच. मी आत गेले आणि वरणाखालचा गॅस मंद केला.