तात्यांची बुटकी खुर्ची

आमच्या ग्रामसभेला लोक हात हलवत येतात. आमचे शेजारी तात्या दोन खुर्च्या घेऊन येतात. दोन्ही लाकडी, दोन्ही त्यांनीच केलेल्या. एकीवर स्वतः बसतात. दुसरी चांगली चार बोटं बुटकी. ती शेजारी रिकामी ठेवतात.

"तात्या, जन्मभर सुतारकी केलीसा आनि खुर्ची मापात न्हाय व्हय?" असं कुणीतरी दरवेळी विचारतंच.

"मापातच हाय की," तात्या म्हणतात.

रस्ते, दिवे, गटार झालं की ऐनवेळचे विषय येतात. तात्या उठतात. त्यांचा विषय एकच: देशाची घटना दुरुस्त करा. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला खटल्याची तारीख कळवायची, निकाल कळवायचा, कोर्टात बसायला जागा द्यायची. हे घटनेत हक्क म्हणून लिहायचं, आणि तसा ठराव आमच्या गावानं दिल्लीला पाठवायचा.

"तात्या, घटना दिल्लीत बदलत्यात," सरपंच म्हणतात. "आपल्याच्यानं अजून गटाराचं झाकण बदलंना."

"झाकण बी बदला की. मी कुठं नको म्हनतोय?"

मग सरपंच विचारतात, "अनुमोदक कोण?" कुणाचाच हात वर होत नाही. अनुमोदक नाही, म्हणजे ठराव पडला. तात्या खुर्च्या उचलून घरी.

"ज्येचं गेलं, त्येला इचारलं काय?" हे त्यांचं पालुपद. माझं मिरची कांडप आहे, दिवसभर मला मान वर करायला वेळ नसतो. एकदा मांजरानं दूध सांडलं, मी लाटणं घेऊन मांजरामागं धावले, तर कुंपणापलीकडून आवाज: "मांजराचं ऱ्हाऊ दे, सुमन. तू आधी बस. च्या घेतलास काय?" गल्लीत कोंबडी चोरीला गेली की सगळे चोरामागं पळतात. तात्या मालकिणीकडं जातात, तिला बसवतात, कोंबडीचा रंग आणि स्वभाव वहीत लिहून घेतात. कोंबडी काही परत येत नाही. मालकिणीला मात्र बरं वाटतं, हे मान्य करायला हवं.

त्यांच्या ठरावामागचं कारण गावाला ठाऊक आहे. त्यांच्या बायकोच्या, शांताक्कांच्या, गळ्यातलं ओढून मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांना रस्त्यावर पाडलं. खुबा मोडला. खटला चालला. पुढं आक्काही गेल्या.

परवाच्या सभेला गर्दी होती. सकाळपासून उभी राहून माझे पाय बोलत होते. मी सरळ बुटक्या खुर्चीत बसले. तात्या रागावतील असं वाटलं. त्यांनी खाली वाकून माझे पाय पाहिले.

"टेकलं न्हवं?"

"टेकले की."

"हिचं टेकत न्हवतं. पाय लोंबकळलं की खुब्यात कळा यायच्या. म्हनून कापली. कोर्टात घिऊन गेलतो, तर दारावरच्या शिपायानं अडवली. भाईरची खुर्ची चालत न्हाय म्हनं. मग ही भिताडाला टेकून हुबी ऱ्हायची."

"निकाल काय लागला हो?" मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"सुटली पोरं. आमाला म्हयन्यानं कळलं, ते बी मी कोर्टात दुसऱ्या कामाला गेलतो म्हनून. हिला न्हाय सांगितलं. इस्त्रीचं लुगडं काढून बसायची. अजून माजं सांगायचं ऱ्हायलंय म्हनायची. मी म्हनायचो, पुढची तारीख पडली."

तेवढ्यात त्यांचा विषय आला. एक सदस्य उठले. "आणि आरोपी निर्दोष असला तर? त्याच्या हक्कांचं काय?" प्रश्न बरोबर होता.

"त्येचं काय बी काढून घिऊ नका," तात्या म्हणाले. "त्येला वकील हाय, ऱ्हाऊ द्या. आमाला एक कागुद आनि एक खुर्ची द्या."

"अनुमोदक कोण?"

मी हात वर केला.

"वहिनी, तुमी बी?"

"नाव लिहा माझं. आणि पुढच्या सभेआधी झाकण बदला."

लोक हसले, आणि हसता हसता हात वर झाले. ठराव मंजूर झाला. तो आता तालुक्याला जाईल. तिथून पुढं कुठल्या कपाटात, याबद्दल मला फारशी आशा नाही.

जाताना मोठी खुर्ची मी उचलली. बुटकी तात्या कुणाला देत नाहीत. मी दोन पावलं पुढं होते. मागं त्यांनी खुर्चीवरची धूळ हातानं पुसली, ती काखेत घेतली आणि हळूच म्हणाले, "चल, पुढची तारीख पडली."