नानासोंचा कॅप्टन बिघडला

"जनावराच्या पोटातलं मला कळतं," असं नानासो मोहिते छातीवर हात ठेवून सांगायचे. लष्करात वीस वर्षं खेचरांच्या कंपनीत काढलेला माणूस तो. शहात्तर साली इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावात कुणाची म्हैस आटली, की लोक आधी नानासोंच्या दारात यायचे आणि मग डॉक्टरकडं जायचे. आता म्हैस कुणाच्या औषधानं बरी व्हायची ते सोडून द्या, पण नाव नानासोंचं व्हायचं.

त्यांच्या घरी एक पांढरा शुभ्र ससा होता. एकुलत्या एक लेकीचा, विजयमालाचा तो. लग्न होऊन कडेगावला निघताना विजू आईच्या गळ्यात पडून जेवढी रडली, त्याच्या दुप्पट सशाला धरून रडली. तो सांभाळायचं काम साहजिकच नानासोंकडं आलं. त्यांनी ससा उलटासुलटा करून पाहिला, नर असल्याचा निकाल दिला आणि नाव ठेवलं कॅप्टन.

दोन वर्षं कॅप्टन गुणानं राहिला. मधे शेजारचे आकाराम गुरुजी आठ दिवस तासगावला गेले, तेव्हा त्यांचा करडा नर ससाही नानासोंकडंच होता. दोन नर एका खोक्यात भांडतील, असं गुरुजींना वाटत होतं. पण दोघं एकमेकांना चिकटून झोपले. याला लष्करी शिस्त म्हणतात, असं नानासोंनी गुरुजींना ऐकवलं.

त्यानंतर महिनाभरात कॅप्टन बिघडला.

लसूणघासाला तोंड लावेना. जवळ गेलं की मागचा पाय आपटायचा. वाळलं गवत मिशांसारखं तोंडात धरून खाटेखाली पळायचा, दिसेल तो कागद कुरतडायचा आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःच्याच छातीचे केस उपटायचा. नानासो दोन दिवस त्याच्याकडं टक लावून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना रोग सापडला. ससा विजूच्या आठवणीनं झुरत होता! त्यांनी विजूचा जुना परकर खाटेखाली अंथरला. कॅप्टन त्यावर बसून आणखी जोरानं केस उपटू लागला. नानासोंची खात्रीच पटली.

 खरं झुरत कोण होतं, ते त्यांच्या बायकोला, चंद्राबाईला, ठाऊक होतं. विजूला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण जावई लष्करात असल्यामुळं तिकडं सगळा कारभार विहिणीचा, हरणाबाईंचा, आणि त्या काही सून पाठवीनात. नानासोंच्या दोन पत्रांना उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून त्यांनी तिसरं कार्ड लिहिलं. ससा अन्न खात नाही, विजूला धाडा. कार्ड खाटेवर ठेवून ते चष्मा पुसत होते, तेवढ्यात कॅप्टननं कोपरा कुरतडला. दारात पोस्टमन घंटी वाजवत होता. नानासोंनी कार्ड तसंच त्याच्या हातात दिलं. पोस्टमननं कार्डाकडं पाहिलं, टोपी काढली आणि मान खाली घालून निघून गेला. माजी सैनिकाला एवढा मान मिळाल्यानं नानासोंना बरं वाटलं.

आता त्या काळी घरात कुणी गेलं, की कार्डाचा कोपरा फाडून कळवायचे. तसलं कार्ड कुणी घरात आणायचं नाही, नीट वाचायचंही नाही, दारातच फाडून टाकायचं. अक्षर नानासोंचं, म्हणजे नानासो शाबूत. मग गेलं कोण? कडेगावात हंबरडा फुटला तो चंद्राबाईंच्या नावानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हरणाबाई विजूला धरून गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या. नानासोंना वाटलं, विहिणीच्याच घरी काहीतरी वाईट घडलं. जावयाच्या काळजीनं तेही रडायला लागले. दोघंही एकमेकांना धीर देत होते. सोन्यासारखं माणूस गेलं, असं हरणाबाई म्हणाल्या. देवाची मर्जी, असं नानासो म्हणाले. गल्ली गोळा झाली, गुरुजींनी शाळा सोडली.

एवढ्यात पिठाचे हात घेऊन चंद्राबाई दारात आली. "काय झालं वं?"

 विजू आईला अशी बिलगली, की सुटता सुटेना. आईचं पीठ तिच्या पाठीवर, केसांत, गालांवर लागलं. पोर हसत होती आणि रडतही होती. ते बघून चंद्राबाईचेही डोळे भरून आले.

हरणाबाईंनी डोळे पुसले आणि मग त्यांचा पारा चढला. "असलं कार्ड कशापायी धाडलं? काय लिवलं हुतं त्यात?"

नानासो खाली बघत म्हणाले, "सशाला विजूबिगर करमंना, म्हनून..."

"कुटं हाय तो ससा?"

हरणाबाई खाटेखाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. परकरावर गवत होतं, गवतावर छातीचे केस पसरले होते आणि त्या उबेत डोळे मिटलेली पाच गुलाबी पिल्लं वळवळत होती. गर्दीत मागं उभ्या आकाराम गुरुजींना अचानक शाळेची आठवण झाली.

"पाव्हणं," हरणाबाई सावकाश उभ्या राहिल्या, "दोन वर्सं संगं ऱ्हाऊन तुमाला नर-मादी कळंना. तुमच्या भरवशावर मी माझी पयलटकरीण सून ठिऊ व्हय?"

नानासोंचा चेहरा पडला. विजूनं आईचा पदर घट्ट धरला. 

"म्हनून," हरणाबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, "बाळंतपण हुईस्तवर मी बी हितंच ऱ्हाते."

विजयमाला आता स्वतः आजी झालीय. माहेरपणाचा विषय निघाला, की ती हटकून त्या तीन महिन्यांचं सांगते. दोन्हीकडच्या आया उशाला होत्या, पिल्लं अंगणात उड्या मारायची, असं सुख पुन्हा मिळालं नाही म्हणते. नानासोंना मात्र त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही. त्यांनी ते तीन महिने गोठ्यात खाट टाकून काढले.