जोगळेकरांचं प्रश्नचिन्ह

आमच्या ऑफिसातले टायपिस्ट जोगळेकर यांना "काय, बरं आहे" म्हणायची सोय नव्हती. चष्म्यावरून बघत ते विचारत, "हा प्रश्न आहे की खबर?"

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाना नुकताच उभा राहत होता. मी तिथे कारकून. यंत्रं कमी आणि इंग्रजी कागदच जास्त. त्या कागदांवरच्या प्रश्नचिन्हांचे राखणदार जोगळेकर. 'ट्रक कधी येणार असे त्यांनी विचारले' या अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहून मी एकदा पुढे प्रश्नचिन्ह ठोकलं.

"विचारलं त्यांनी. तुम्ही नुसती चुगली करताय," जोगळेकर कडाडले. "इंग्रजीत चुगलीला प्रश्नचिन्ह नसतं!"

मॅनेजरसाहेबांच्या 'विल यू प्लीज'वाल्या वाक्यांपुढे मात्र ते पूर्णविराम देत. म्हणत, "हा पावडर लावलेला हुकूम आहे."

आकुर्डीच्या धोंडिबांचं शेत कारखान्यात गेलं होतं. ते अधूनमधून येऊन म्हणत, "नोकरी मिळनार म्हनं."

जोगळेकरांनी त्यांनाही सोडलं नाही. "हा प्रश्न आहे की खबर?"

"जमीन घेतली तवा खबर व्हती, सायेब. आता प्रश्न झालाय."



पुढच्याच आठवड्यात साहेबांनी फळ्यावर लावायला इंग्रजी नोटीस दिली : जमिनी गेलेल्यांना नोकऱ्या मिळतील. जोगळेकरांनी ती टाइप केली आणि शेवटी प्रश्नचिन्ह घातलं. फळ्यापुढे उभं राहून धोंडिबांनी मला विचारलं, "शेवटाला ह्यो इळा कशापायी काढलाय?"

तेवढ्यात साहेबांनीही तो विळा पाहिला. जोगळेकरांना बोलावणं गेलं.

"खबर असेल तर तारीख घाला, साहेब. मी चिन्ह काढतो," जोगळेकर शांतपणे म्हणाले.

साहेबांनी तारीख घातली नाही. जोगळेकरांनाच गोदामात पोत्यांच्या राखणीला धाडलं. नोटीस पूर्णविरामासकट पुन्हा लागली. नोकऱ्या काही आल्या नाहीत.

रविवारी मी त्यांच्या चिंचवडच्या खोलीवर गेलो. धोंडिबा आधीच उंबऱ्याशी बसले होते, पुढ्यात धोतराच्या फडक्यात वांगी.

"माज्यापायी तुमची खुर्ची गेली," ते म्हणाले. मग आत डोकावत त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?"



"बायको होती. ती गेल्यापासून हे कुणी विचारलं नाही."

वांगी उचलून जोगळेकर आत गेले. स्टोव्हला पंप मारता मारता पाठमोरेच म्हणाले, "भरली वांगी येतात मला. आजारपणात तिनं अंथरुणावरून शिकवली. जेवूनच जा दोघं."