भालचंद्र अस्वलाची बेटप्रदक्षिणा

मुलांनो, मांडी घालून बसा. मोबाइल पालथे ठेवा. आज ज्या जंगलाची गोष्ट सांगणार आहे ते नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. तिथे भरपूर झाडं होती, एक तळं होतं आणि रेंज फक्त टेकडीवर यायची. एवढ्यावरून ओळखा.

त्या जंगलात रेवती नावाची अस्वलीण राहत होती. तिचा नवरा भालचंद्र. तो मध खात्यातून निवृत्त झाला होता. म्हणजे इतर अस्वलं जे आयुष्यभर करतात तेच त्याने केलं, फक्त त्याला त्याचा पगार मिळायचा.

एका हिवाळ्यात तळ्यावर एक परदेशी बदकीण उतरली. ती रेवतीला म्हणाली, "आमच्याकडे उत्तरेला एक बेट आहे. सगळा खडक, वारा आणि धबधबे. भोवतीने एक रस्ता जातो. गाडी भाड्याने घ्यायची आणि आपली आपण चालवायची. आणि उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही."

"मावळत नाही म्हणजे?"

"समुद्राला टेकतो आणि परत वर येतो. काहीतरी विसरल्यासारखा."

रेवती त्या दिवशी घरी आली. आजवर तिने नवऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जेवताना तिने मागितलं.

"अहो, आपण त्या बेटावर जाऊ या का?"

"जाऊ की," भालचंद्र म्हणाला. "पण असं उठून जायचं नसतं. आधी अभ्यास करावा लागतो."

मुलांनो, मोठी माणसं असं म्हणाली की काय समजायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रेवतीला ठाऊक नव्हतं. तिला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून भालचंद्र टेकडीवर जाऊन बेटाचे व्हिडिओ बघू लागला. गुहेच्या भिंतीवर त्याने कोळशाने बेट काढलं. ते कुणीतरी अर्धवट खाल्लेल्या भाकरीसारखं दिसत होतं. मग तो भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याला पहिला प्रश्न पडला. बेटाला फेरी डावीकडून घालायची की उजवीकडून?

शेजारची गोदाक्का साळिंदरही येणार होती. ती एकटी असायची आणि तिला गाडीत मागे बसायला आवडायचं. ती म्हणाली, "प्रदक्षिणा जशी घालतात तशी घाला. त्यात काय विचारायचं?"

"गोदाक्का, तिथे वारा पश्चिमेचा असतो," भालचंद्र म्हणाला. "तो तोंडावर घ्यायचा की पाठीवर, हा खरा मुद्दा आहे."

हा मुद्दा गुहेबाहेर पडला. जंगलात दोन पक्ष झाले. डावीकडून जाणारे आणि उजवीकडून जाणारे. दोन्ही पक्षांतलं कुणीही कुठेच जाणार नव्हतं, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर होता. एका माकडाने डाव्या पक्षातल्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडलं. शेवटी सरपंच हत्तीअण्णांनी सभा बोलावली. ते दोन्हीकडचं ऐकून म्हणाले, "विषय गंभीर आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा पिऊन घरी गेले.

तोवर बेटावरचा उन्हाळा संपला. तिथला उन्हाळा म्हणजे घाईतला पाहुणा. येतो, चहा घेतो, निघतो.

पुढच्या उन्हाळ्यात जेवणाचा प्रश्न निघाला.

"मेतकूट नेऊ, भाजणी नेऊ," रेवती म्हणाली. "गरम पाण्याचं काय?"

"तिथे जमिनीतूनच उकळतं पाणी येतं," भालचंद्र म्हणाला.

"मग त्यात पिठलं होईल?" गोदाक्काने विचारलं.

"होईल. पण गंधकाचा वास येईल."

"मग मुळा नको घ्यायला. तो आणि हा, दोन्ही एकदम नको."

पिठल्याचा निकाल लागेपर्यंत तिथे बर्फ पडला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भालचंद्र कुणालाही न विचारता त्या बेटाविषयी सांगू लागला. तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या हरणांना तो थांबवायचा. "काळ्या वाळूचा किनारा आहे ना, तिथे समुद्राकडे पाठ करायची नाही. लाट गुपचूप येते." हरणं माना डोलवायची आणि तहानलेलीच परत जायची. जंगलात त्याला 'बेटवाले' म्हणू लागले. त्याला ते आवडलं.

रेवतीला मात्र एक गोष्ट दिसू लागली होती. नवरा बेटाबद्दल जितका जास्त बोलतो, तितकं निघायचं कमी बोलतो.

मग तिने एक काम केलं. तात्या तरसाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तात्या चांगला शिकवायचा, पण शिकणाऱ्याची गाडी बंद पडली की खो खो हसायचा. पोटच धरायचा. रेवतीची गाडी चढावर बंद पडली, वळणावर पडली, एकदा तर उभ्याउभ्याच पडली. तात्या हसून हसून खाली पडला. पण ती रोज जात राहिली. एक दिवस तात्याला हसायला काहीच मिळालं नाही. तो उदास होऊन म्हणाला, "आता येऊ नका."

तिने तिकिटं काढली. गाडी ठरवली. भालचंद्राला सांगितलं, "या उन्हाळ्यात निघायचं."

"उत्तम!" भालचंद्र म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

निघायच्या दिवशी सकाळी त्याची पाठ धरली.

"अगं, तुम्ही दोघी व्हा पुढे," तो झोपूनच कण्हत म्हणाला. "मी टेकडीवरून फोनवर सांगत जाईन. खरं तर मार्गदर्शन लांबूनच नीट होतं."

रेवतीने त्याच्या पाठीला मलम लावलं. गोदाक्काला हाक मारली. आणि दोघी निघाल्या.

बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा भेटला तो वारा. गोदाक्काने गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातातून हिसकावून मागे पार वळवलं. "माझं दार!" ती ओरडली. ते कसंबसं दोरीने बांधून दोघी पुढे निघाल्या. रस्त्यात मेंढ्या बसल्या होत्या. हॉर्न वाजवला की त्या गाडीकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा रवंथ करायच्या.

भालचंद्राचा फोन यायचा.

"आता कुठे आहात?"

"धुक्यात."

"धुकं माझ्या प्लॅनमध्ये नाही. डाव्या हाताला धबधबा दिसतोय का?"

"ऐकू येतोय."

"ऐकू येऊन काय उपयोग? दिसायला हवा. थांबा तिथेच."

मग एका डोंगराआड रेंज गेली. गाडीत एकदम शांत झालं. गोदाक्काने मेतकुटाचा डबा उघडला. रेवती गुणगुणू लागली. ती गुणगुणते हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

आणि मग रस्ता संपला. पुढे पूल होता, म्हणजे असायला हवा होता. वर बर्फ वितळला होता, नदीला लोंढा आला होता आणि पुलाचा अर्धा भाग नदीने नेला होता. मागे फिरायचं तर सगळ्या बेटाला उलटा वळसा घालून यावं लागणार होतं. तेवढ्यात परतीचं विमान गेलं असतं.

"मागे फिरू," गोदाक्का म्हणाली. "रेवती, माझं ऐक. पाणी बघ किती काळं आहे."

रेवती खाली उतरली. काठावर उभी राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. मुलांनो, अस्वलाला गाडी नवी असते, नदी नवी नसते. लहानपणी तिने अशा पाण्यात मासे धरले होते. जिथे नदी अरुंद आणि गुळगुळीत होती, तिथे ती खोल होती. थोडं खाली ती पसरली होती, खडखडत होती, दगडांवर फेसाळत होती. तिथे पाणी उथळ होतं.

"तिथून जायचं," ती म्हणाली. "तिरकं. पाण्याच्या ओढीबरोबर."

"आणि वाहून गेलो तर?"

"तर भालचंद्ररावांना सांगू की डावीकडून गेलो."

तिने पहिला गिअर टाकला. पाणी चाकाला लागलं, मग दाराला. दोरीने बांधलेल्या दारातून आत आलं आणि तिच्या पायांवर चढलं. गाडी जागची सरकली. क्लच दाबायचा मोह झाला, पण दाबला असता तर चाकांचा जोरच गेला असता. तिने पाय आखडून घेतला. मागे गोदाक्काच्या अंगावरचे काटे भीतीने ताठ उभे राहिले आणि गाडीच्या छपराच्या कापडात रुतले. त्यामुळे तिला उडी मारून पळताही येईना. ती तिथूनच ओरडत होती, "चल गं, चल गं, चल गं!"

गाडी एका दगडावर आपटली, हबकली आणि मग चाकांखाली वाळू लागली. दोघी पलीकडे आल्या होत्या.

रेवतीने गाडी बंद केली. तिने आधी गोदाक्काला छपरातून सोडवलं. मग दोघी किनाऱ्यावर बसल्या. समोर समुद्र होता. सूर्य खाली आला, पाण्याला टेकला, थांबला आणि परत वर निघाला. सगळं बेट लालसर झालं. कड्यावर रंगीत चोचींचे जाडे पक्षी आपापसांत कुरकुरत होते.

गोदाक्का म्हणाली, "झोपायचं कधी गं इथे?"

"नाहीच झोपायचं," रेवती म्हणाली.

दोघी परत आल्या तेव्हा सगळं जंगल तळ्यावर जमलं. भालचंद्राची पाठ बरी झाली होती. तो उंच दगडावर बसला होता, कारण कार्यक्रमाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं.

रेवती सांगू लागली. नदीपर्यंत आली.

"एक मिनिट," भालचंद्र म्हणाला. "तिथे नदी ओलांडावी लागत नाही. तिथे पूल आहे. मी स्वतः बघितलाय."

"कुठे?"

"व्हिडिओत."

"तो वाहून गेला होता."

"मग तुम्ही चुकीच्या पुलाकडे गेलात."

सभेत कुजबुज झाली. ते लग्न मोडलेलं माकड उठून म्हणालं, "वहिनी, राग मानू नका. तुम्ही एकदाच गेलात. ते इतकी वर्षं अभ्यास करतायत."

"खरं आहे," हरणं म्हणाली.

"आणि सूर्याचं पण तुम्ही थोडं वाढवून सांगितलंत," एक ससा म्हणाला. "बेटवाल्यांनी आम्हाला सांगितलंय, त्यात तो इतका लाल नव्हता."

गोदाक्काचे काटे उभे राहिले. रेवतीने तिला हाताने, जरा जपूनच, खाली बसवलं.

शेवटी हत्तीअण्णा उठले. म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात जंगलातल्या सर्व मान्यवरांनी बेटाला जायचं. नेतृत्व भालचंद्ररावांचं. सगळ्यांत पुढची गाडी ते स्वतः चालवतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भालचंद्र हसला. पण काळ्या केसांच्या आड तो पांढरा पडल्याचं एकट्या रेवतीला दिसलं.

घरी आल्यावर तो भिंतीवरच्या बेटासमोर बसला.

"रेवती," तो म्हणाला, "माझी पाठ दुखत नव्हती गं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मलमाची बरणी पलंगाखाली गेली होती. ती तुम्हीच वाकून काढून दिलीत."

तो खाली बघू लागला. "मला भीती वाटते. ते अरुंद पूल, ते कडे, तो वारा. व्हिडिओ बघतानासुद्धा मी मध्येमध्ये डोळे मिटतो. तुला नाही वाटली?"

"वाटली की."

"मग?"

"मग काय. वाटत होती आणि जात होते."

भालचंद्राने विचार केला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला विचारलं, "कसं आहे गं ते? खरं सांग."

तिने सांगितलं. नदीचं, दाराचं, मेंढ्यांचं, सगळं. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. एकदाही मध्ये बोलला नाही.

"आता मी हत्तीअण्णांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"काही नका सांगू. गाडी मी चालवीन. तुम्ही शेजारी बसा आणि हात दाखवत राहा. मागच्यांना एवढंच दिसतं."

आणि तसंच झालं. पुढच्या उन्हाळ्यात बेटावर गाड्यांची रांग निघाली. पुढच्या गाडीत भालचंद्र काचेतून हात बाहेर काढून डावी-उजवी दाखवत होता. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. नदीपाशी पूल अजून बांधलेला नव्हता. "डावीकडून घे!" तो मागच्यांना ऐकू जाईल असा गरजला. रेवतीने गाडी उजवीकडून, तिरकी, पसरट पाण्यात घातली. मागच्या गाड्या तिच्यामागून आल्या. हत्तीअण्णांची गाडी तेवढी मध्येच बसली. ते खाली उतरले, तिला मागून ढकलत पलीकडे घेऊन आले आणि म्हणाले, "काय अचूक मार्गदर्शन!"

पलीकडे लगेच सत्कार झाला. हत्तीअण्णांनी घरून ओल्या फडक्यात गुंडाळून मोहाच्या फुलांचा हार आणला होता. तो भालचंद्राच्या गळ्यात पडला. भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने 'दूरदृष्टी' हा शब्द वापरला.

रेवती तिथे नव्हती. ती खाली किनाऱ्यावर काळ्या वाळूत पाय पसरून बसली होती. सूर्य पाण्याला टेकत होता.

थोड्या वेळाने भालचंद्र येऊन शेजारी बसला. या वेळी त्याचे डोळे उघडे होते. सूर्य टेकला, थांबला आणि वर निघाला. "अगं बाई," तो हळूच म्हणाला. मग त्याने गळ्यातला हार काढला, तोडला आणि मोठा तुकडा तिच्या हातात दिला. वर भाषणं चालूच होती. दोघांनी तो हार खाऊन टाकला.

तात्पर्य : मुलांनो, प्रवासाला एक गाडी चालवणारा लागतो आणि एक हात दाखवणारा लागतो. तुम्ही मोठेपणी हात दाखवणारेच व्हा. चालवणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि हार घालून घ्यायला हात मोकळे राहत नाहीत. फक्त लग्न करताना, ड्रायव्हिंग येणाऱ्या आणि हाराचा अर्धा वाटा मान्य असलेल्या व्यक्तीशी करा.