भट्टीच्या गल्लीतला चहा

चहा कुणालाही देता येतो, आणि मला तर इतरांपेक्षा जरा चांगलाच देता येतो, असं मी त्या दिवशी मेहुणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. मेहुणी समोरच्याच घरात राहते. आमच्या गल्लीत मडकी घडवायला चाकावर बसणारी आता ती एकटीच. बाकीच्यांनी चाकं अडगळीत टाकली आणि दुसरी कामं धरली.

गल्लीच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक जुनी भट्टी आहे. ती पाडून गाड्या उभ्या करायला जागा करायचं घाटत होतं. तेवढ्यात कळलं, वारसा समितीच्या मॅडम पाहणीला येणार. त्यांना गल्ली पसंत पडली तर भट्टी वाचणार, बाहेरचे लोक बघायला येणार, मडकी विकली जाणार, बंद पडलेली चाकं फिरणार. नाही पडली तर मेहुणी कुठल्यातरी दुकानात काउंटरमागे उभी राहणार.

"भाऊजी, माझे हात मातीत असतील. चहाचं तुम्ही बघा. जमेल ना?"

"जन्मभर बस चालवली आहे मी. चहाचं काय घेऊन बसलीस?"

"तेच म्हणते. घाटातल्यासारखा हिसका देऊ नका."

आता मातीच्या गल्लीत स्टीलच्या कपातून चहा दिला तर काय शोभा राहील? पोटमाळ्यावर बायकोने केलेले कप होते. तिचं शेवटचं काम. ती गेल्यापासून मी त्या फळीला हात लावला नव्हता. लालसर, गुळगुळीत, बघत राहावं असे. म्हटलं, हे बाहेर काढायला याहून चांगला दिवस कुठला येणार? निम्मे खाली आणले आणि फडक्याने पुसले. फडकं लाल झालं. धूळ असेल, असं म्हणून मी ते झटकून टाकलं.

मॅडम आल्या. बरोबर एक दाढीवाला फोटोग्राफर. दोघांना ओट्यावर बसवलं, मेहुणीने चाक फिरवायला घेतलं, आणि मी दोघांना आणि स्वतःलाही वाफाळता चहा ओतला.

मॅडमनी घोट घेतला. "वेगळीच चव आहे हो काका. मातीचा वास येतोय."

"आमच्याकडे असाच असतो," मी म्हणालो.

दुसऱ्या घोटाला मॅडमचे ओठ लाल झाले. मी नजर वळवली, तर दाढीवाल्याच्या कपाचा कान त्याच्या हातात आलेला. परक्या घरी काहीतरी मोडलं की माणूस करतो तेच त्याने केलं. कान गुपचूप खिशात घातला. मग कपाचं बूड त्याच्या मांडीवर बसलं. म्हणजे चहासकट बसलं. तो बिचारा हूं की चूं न करता पाय जवळ घेऊन बसून राहिला.

मॅडमच्या कपाची कड पावासारखी भिजून वाकली होती. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि अदबीने विचारलं, "हा असाच प्यायचा असतो का?"

"असाच. पण जरा लवकर," मी म्हणालो. ब्रेक लागत नसला तरी प्रवाशांना सांगायचं नसतं.

तेवढ्यात मेहुणीने मान वर केली. चाक थांबलं.

"भाऊजी, ते कप कुठले?"

"तुझ्या ताईचे."

"पोटमाळ्यावरचे?"

"हो. का?"

"अहो, ते कच्चे आहेत. वरून नुसता रंग दिलाय. भाजायच्या आधीच गेली ना ताई."

न भाजलेल्या मातीत पाणी ओतलं की तिचा चिखल होतो, एवढं मलाही ठाऊक होतं. पण माझ्या हातात तोवर चिखलच उरला होता. बायको असती तर आठवडाभर बोलली नसती. ती तशीही बोलत नाहीच आता, पण त्या घटकेला ते फार लागलं.

मेहुणी उठली. माझ्या तळव्यातला चिखल तिने काढून घेतला, मॅडमच्या तळव्यातला घेतला. दाढीवाल्याने मुकाट्याने खिशातला कानही काढून दिला. तिने सगळं आपल्या गोळ्यात मळलं, चाकावर चढवलं आणि बघता बघता एक वाडगा उभा केला. दारादारात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यातली एक म्हणाली, "सरक गं, मीही बघते हात चालतो का." तिच्यामागून दुसरी आली.

गल्ली पसंत पडली. मॅडमचा फोन आला तो मेहुणीला. म्हणाल्या, "बाकी सगळं करा, पण तो विरघळणाऱ्या कपातला चहा हवाच. मी सगळ्यांना त्याबद्दलच सांगतेय."

आता सुट्टीच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. घराघरात चाकं फिरतात. भाजलेला माल विकला जातो, कच्चे कप चहाला लागतात. चहा मीच देतो. बायको जन्मभर भांडं गळू नये म्हणून झटली, आणि आमची भरभराट झाली ती गळणाऱ्या भांड्यावर.

भट्टी पुन्हा पेटली तेव्हा मेहुणीने फळीवरचे ताईचे उरलेले कप स्वतः आत रचले. एकालाही तडा गेला नाही. मी ते चहाच्या टेबलावर जरा बाजूला मांडून ठेवले. मला वाटलं, बाजूलाच ठेवले.

परवा गर्दीत एक बाई हाका मारू लागल्या. "काका, हा कप बदलून द्या बरं. खराब निघालाय. केव्हाची धरून बसलेय, विरघळतच नाही."

मी कप बघितला. टणटणीत होता.

बायकोच्या वतीने मी त्यांची माफी मागितली.